मानाची मळखाऊ साडी

मला राग लवकर येतो आणि सावकाश उतरतो. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की ही बाई चिडून लिहिते. चिडूनच लिहिते आहे.

माझं वय एक्कावन्न. त्यातली पहिली पंचेचाळीस वर्षं मी शर्ट-पँटमध्ये काढली, कारण जगाच्या लेखी मी पुरुष होते. घरचा धाकटा मुलगा, बेंगळुरात पीण्या भागातल्या एका कारखान्यात टूल डिझाइन करणारा इंजिनियर, पुतणीचा काका. मग मी ते सगळं थांबवलं आणि बाई म्हणून राहायला लागले. लोक म्हणतात, बाई झाली. झाले नाही, होतेच. फक्त तोंड उघडलं नव्हतं. तर त्या पंचेचाळीस वर्षांत एकदाही कुणी मला म्हणालं नाही की हा शर्ट तुझ्या वयाला शोभत नाही. चाळिशी उलटल्यावरही मी कॉलेजातल्या पोरांसारखे मोठ्या चौकड्यांचे शर्ट घालून हिंडत होते. पुरुषाचं वय पगारात आणि पोटात मोजतात, कपड्यांत नाही. मी साडी नेसले आणि दुसऱ्या दिवसापासून बेंगळुरातल्या झाडून सगळ्यांना माझ्या वयाची काळजी लागली.

ऑफिसातली एक सहकारी कँटीनमध्ये मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, “फिके कुर्ते घाल, बंद गळ्याचे. ओढणी घे. म्हणजे कुणाचं लक्ष जाणार नाही.” ती मनाने चांगली आहे, म्हणून मी वर्षभर तिचं ऐकलं. राखाडी, मातकट, आणि एक पिस्ता रंग, तोही धुऊन उडालेला. लक्ष जायचं ते गेलंच. सिग्नलला रिक्षावाले वळून बघायचे ते बघायचेच, वर आरशातली बाई मला स्वतःलाच ओळखू येईना. दुसरी एक मैत्रीण, बरंच काही वाचलेली, मला समजावायला लागली, “तुला रंग आवडतात कारण तुझं तारुण्य निसटलं. ते तू आता वसूल करतेयस.” हिच्यावर मी जास्त चिडले. मला विसाव्या वर्षात परत जायचं असतं तर मी आधी केस रंगवले असते. मी केस रंगवत नाही. कानाजवळची पांढरी बट मला आवडते. जिना चढताना गुडघे कुरकुरतात, वाचायला चष्मा लागतो, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला एक्कावन्नचीच राहायचंय. फक्त माझ्या रंगांत राहायचंय.

आणि माझे रंग काही काल ठरलेले नाहीत. आमच्या घरी भाद्रपदात उभ्या गौरी बसतात. मी लहान असताना कुठल्या गौरीला कुठली साडी नेसवायची हे आई मला विचारायची. मी एकीला पोपटी सांगायचे आणि तिच्या शेजारी मुद्दाम डाळिंबी. निऱ्याही मीच घालायचे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणायच्या, “पोराला काय नजर आहे!” त्याच नजरेने पुढे मी वर्षानुवर्षं पोलादी साच्यांची ड्रॉइंग काढली आणि त्याबद्दलही पाठीवर थाप मिळवली. नजर तीच. गौरीवर चालली, पोलादावर चालली. माझ्या अंगावर आली तेव्हा ती थेरं झाली.

मी कशी राहते ते एकदा सांगून टाकते. मला बिनबाह्यांचे ब्लाऊज आवडतात. माझे खांदे रुंद आहेत. असू देत, ते कुणाच्या वाटेत येत नाहीत. हातात चांदीचं जाड कडं, पायांत कोल्हापुरी, साडी बहुतेक वेळा सुती इरकल, आणि लिपस्टिक लावलीच तर गडद. मी कोरमंगलात भाड्याने राहते. वरच्या मजल्यांवर पीजी आहे, नोकरीला आलेल्या पोरी राहतात. त्यांच्यातल्या एकीने एकदा लिफ्टमध्ये मला विचारलं, “आंटी, हा ब्लाऊज कुठे शिवलात?” एवढाच प्रश्न. वय नाही, शोभा नाही, काही नाही. त्या दिवशी मी कामावर जाताना हेल्मेटच्या आत शीळ घालत होते.

घर म्हणजे माझं आता अण्णा आणि वहिनी. अण्णा हा माझा थोरला भाऊ, बसवनगुडीत राहतो. आईवडील गेले. आमचं घराणं साडेतीनशे वर्षं याच गावात आहे असं अण्णा पाहुण्यांना छाती काढून सांगतो, आणि ते सांगतानाच्या मराठीत निम्मं कानडी असतं. वहिनी बेळगावकडच्या. त्यांना एकच मुलगी. मी जेव्हा घरात सांगितलं की मी बाई आहे आणि यापुढे तशीच राहणार, तेव्हा अण्णाने आवाज चढवला नाही. तो फक्त म्हणाला, “घरात लग्नाची पोरगी आहे. ती उजवेपर्यंत तू इकडे येऊ नकोस.” मी गेले नाही. पुतणीच मला जयनगरातल्या एका हॉटेलात भेटायला यायची. डोसा मागवून झाल्यावर एक दिवस ती सहज म्हणाली, “आत्या, चटणी इकडे सरकव.” मी चटणी सरकवली, आणि पाठोपाठ माझ्या ताटातला अर्धा डोसाही.

आमच्या घरात नवरीला मुंडावळ्या आत्या बांधते. मोत्यांच्या त्या दोन सरी कपाळावर बांधायला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. माझ्या चुलत बहिणींना माझ्या आत्याने बांधल्या, तेव्हा मी दाराशी उभी राहून बघितलंय. माझ्या पुतणीला मात्र सख्खी आत्याच नव्हती. बारशाला तिच्या कानात कुर्र करायला लांबच्या नात्यातली एक आत्या शोधून आणावी लागली, आणि मी तेव्हा काका होऊन पेढे वाटत होते. पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा तिने आईबापांना बजावलं, “मला आता आत्या आहे. मुंडावळ्या तीच बांधणार.”

वहिनींचा फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होते. “वन्सं,” त्या म्हणाल्या, “रविवारी बस्ता आहे. तुम्ही यायलाच पाहिजे बघा. मी पोरीला शब्द दिलोय, मुंडावळ्या तुमच्याच हातून.” आधी मी त्यांच्यासाठी भावजी होते. वन्सं म्हणजे नणंद. त्या एका हाकेने माझी जागाच बदलली, आणि मी फोन ठेवून ढसाढसा रडले. नंतर, रडून झाल्यावर, हसूही आलं. वहिनी पडल्या बेळगावच्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. जन्मभर ‘येतो-जातो’ म्हणणारी ही बाई पुढे मला बाईपण शिकवणार होती, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेणं, नवरीच्या शालूपासून ते लांबच्या मावशीच्या आहेरापर्यंत. हा बायकांचा कारभार. पुरुषांनी पैसे द्यायचे, पिशव्या उचलायच्या आणि दुकानाबाहेर उभं राहून क्रिकेटवर बोलायचं. अण्णाच्या लग्नाचा बस्ता झाला तेव्हा मी चिकपेटच्या त्याच गल्लीत जिन्याखाली चपला राखत उभी होते. वरून साड्या उलगडल्याचा आवाज येत होता. कुठलं तरी कारण काढून मी वर जायचे आणि काका लोक मला परत खाली बोलवायचे. यावेळी मी मेट्रोतून उतरले, गर्दीतून वाट काढत त्या दुकानाशी आले, चपला जिन्यात काढल्या आणि वर जाऊन पांढऱ्या गादीवर बायकांमध्ये मांडी घालून बसले. कुणी तरी मला सरकून जागा दिली. स्टीलच्या पेल्यातून कॉफी आली. इतकी खूश मी याआधी कधी झाले होते ते मला आठवत नाही.

सेल्समन मिशीवाला, गडगड्या आवाजाचा. वहिनींना एक वांगी रंगाची साडी मनात भरली होती, पण पदर कसा पडेल याची खात्री होईना. त्याने सरळ ती साडी स्वतःच्या पँटवर गुंडाळली, निऱ्या खोचल्या, पदर खांद्यावर टाकला आणि एक गिरकी घेतली. सगळ्या बायका हसल्या. “छान दिसते की!” वहिनी म्हणाल्या. मी त्या माणसाकडे बघत राहिले. पुरुषाने दुकानात साडी नेसली की ती विक्री. मी माझ्या घरात नेसले तर साडेतीनशे वर्षांच्या घराण्याची अब्रू. असो. खुशीत होते, सोडून दिलं.

घेतलेल्या साड्यांचे गादीवर गठ्ठे पडत होते. नवरीचा एक, करवल्यांचा एक, सवाष्णींचा एक, तो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात रंगीत. आणि पार भिंतीकडे एक चौथा गठ्ठा होता, त्याला कुणी नाव घेऊन बोलवत नव्हतं. त्यात वहिनींच्या आईची साडी होती, आणि नवरा गेलेल्या दोन मावश्यांच्या. तिन्ही बिस्किटी, तिन्हींना बोटभर तपकिरी काठ. सेल्समन चौथी तशीच साडी काढून वहिनींना विचारत होता, “अज्जीगा?” म्हणजे आजींसाठी का. वहिनींनी मान हलवली आणि ती साडी माझ्या मांडीवर ठेवली.

“ही वन्संना.”

मला वाटलं चेष्टा करतायत. “वहिनी, हा रंग कुणी ठरवला?”

“का, चांगला आहे की. मळखाऊ आहे, चार वेळा नेसता येतो. आणि वयाला शोभून दिसेल.”

वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आहेत. त्यांच्या पुढ्यात वांगी रंगाची जरीची साडी पसरलेली होती. मी त्या साडीकडे बोट दाखवलं. “आणि ही तुमच्या वयाला?”

“माझं वेगळं हो,” वहिनी म्हणाल्या, आणि आवाजात जराही खोट नव्हती. “आमचे हे आहेत की अजून.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे वयाचं चाललंच नव्हतं. कोण किती वर्षांची हे त्या गादीवर कुणी विचारत नव्हतं. कुणाचा नवरा व्हायचाय, कुणाचा आहे आणि कुणाचा नाही, एवढंच विचारलं जात होतं. मी कुमारिका म्हणावी तर पांढरी बट. सवाष्ण म्हणावी तर नवरा नाही. मग उरला भिंतीकडचा गठ्ठा. पाच वर्षं मला बाई मानायला यांना जमलं नाही, आणि ज्या दिवशी मानलं त्याच दिवशी, लग्न नाही, संसार नाही, थेट विधवा करून टाकलं. ‘वयाला शोभेल असं’ हे फक्त तोंडदेखलं वाक्य. त्याच्या पोटात दुसरंच काही असतं. त्या क्षणी मला ती साडी खिडकीतून गल्लीत भिरकावावीशी वाटली.

“मी ही नेसणार नाही,” मी म्हणाले.

वहिनींनी कॉफीचा पेला खाली ठेवला. “वन्सं, स्पष्ट सांगतो. व्याही जुन्या वळणाचे आहेत. तुम्ही तुमचं ते बिनबाह्यांचं घालून मंटपात उभ्या राहिलात, तर नवरीकडे कोण बघणार? सगळे तुमच्याकडेच बघत बसतील. ही नेसा, लांब हाताचा ब्लाऊज घाला, आणि मुंडावळ्या बांधा. मी शब्द दिलोय तो पाळतो.”

म्हणजे असा हिशेब होता. मुंडावळ्या हव्यात तर बिस्किटी नेसायची. मी पुतणीकडे बघितलं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “आत्या, एकच दिवस. स्वल्प ॲडजस्ट कर ना.”

या शहरात सगळं ह्याच वाक्यावर चालतं. बसमध्ये तिसऱ्याला सीटवर घ्यायचं असो, पाणी दोन दिवस येणार नसो, स्वल्प ॲडजस्ट करा. स्वल्प म्हणजे थोडं. थोडंच तर मागतात. आणि गंमत बघा, ॲडजस्ट करणारी माणसं नेहमी तीच असतात. अण्णाने पाच वर्षांत कणभर ॲडजस्ट केलं नाही आणि त्याला कुणी तसं सांगितलंही नाही. पण पुतणीचा हात गुडघ्यावर होता, आणि मला त्या मोत्यांच्या सरी तिच्या कपाळावर माझ्या हातांनी बांधायच्या होत्या. दुसरं काही मला त्या लग्नातून नको होतं. मी साडीची घडी घालून मांडीवर घेतली आणि हो म्हणाले. सेल्समनने पुढचं ठाण काढलं.

लग्नाच्या सकाळी मी ती साडी नेसले. कोपरापर्यंत बाह्या, बंद गळा, कडं काढून ठेवलेलं. आरशात बघितलं तर कुणाची तरी दमलेली मावशी. कल्याणमंटपात गेले तर नवरीकडच्या बायकांनी मला न विचारताच मागच्या रांगेत बसवलं. वहिनींची आई तिथे आधीच बसली होती. अगदी तीच साडी. आम्ही एकमेकींकडे बघितलं, आणि आजी म्हणाल्या, “तुम्हालाबी हीच दिली होय?”

“हो. वयाला शोभते म्हणे.”

आजींनी पदराचं टोक चिमटीत धरून बघितलं. “मला निळं आवडतंय. गडद, शाईगत. आमचे हे गेल्यापासून रंग कोण विचारलाच नाही मला.” हे त्यांनी कुरकुरीच्या सुरात म्हटलं नाही. आज भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हटलं. मला मात्र त्यांच्या वतीनेही राग आला. आधी मला वाटत होतं ही शिक्षा खास माझ्यासाठी शोधून काढलेली आहे. ती आधीपासून तयारच होती, आणि आजींच्या अंगावर कित्येक वर्षं होती.

तेवढ्यात पुतणीने बोलावणं पाठवलं. गौरीहराची खोली आतल्या बाजूला होती. ती पिवळी साडी नेसून पाटावर बसली होती, समोर गौरी, समई, आणि चांदीच्या ताटात मुंडावळ्या. अण्णा फेटा बांधून उभा होता. वहिनी होत्या, वहिनींची धाकटी बहीण होती. वहिनींनी शब्द पाळला, ताट उचलून माझ्या हातात दिलं. मी पुतणीच्या मागे जाऊन उभी राहिले, मुंडावळ्या उचलल्या.

गुरुजी तरुण होते, व्याह्यांकडून आलेले. त्यांनी मला पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या साडीवर त्यांची नजर गेली, मग मंगळसूत्र नसलेल्या गळ्यावर. आणि फार सौम्य आवाजात ते म्हणाले, “आजी, तुम्ही अक्षता टाका, आशीर्वाद द्या. मुंडावळ्या सवाष्णीच्या हातून बांधून घेऊया.”

मला कळायला जरा वेळ लागला. जन्मात पहिल्यांदा कुणा परक्या माणसाने माझ्याकडे बघून काडीची शंका घेतली नव्हती. डोळे बारीक केले नव्हते, आवाजाकडे कान दिला नव्हता, शेजारच्याला कोपर मारलं नव्हतं. त्याच्या लेखी मी बाईच होते, नक्की, पक्की. ज्या गोष्टीसाठी मी वर्षानुवर्षं जीव टाकला ती त्या खोलीत मला पूर्ण मिळाली होती. आणि ती मिळाली म्हणूनच माझ्या हातातलं ताट जात होतं.

गुरुजींची चूक म्हणवत नाही. त्यांच्यासमोर जे नेसवून उभं केलं होतं तेच त्यांनी वाचलं. मी वहिनींकडे बघितलं. एवढंच म्हणायचं होतं त्यांनी, की ही आमची वन्सं, हिचं लग्न झालेलं नाही. त्यांनी म्हटलं नाही. मी अण्णाकडे बघितलं. तो समईची वात बघत होता. आणि वहिनींनी माझ्या हातातून ताट घेतलं, मुंडावळ्याही घेतल्या, आणि बहिणीच्या हातात दिल्या. “होय की, मावशी बांधेल.” इतक्या पटकन, की मला वाटलं हा मार्ग त्यांना अचानक सापडला आणि हायसं वाटलं.

“गुरुजी,” मी म्हणाले, आणि माझा आवाज खोलीभर झाला, “मी विधवा नाही. माझं लग्नच झालेलं नाही. मी नवरीची आत्या आहे. आणि मी विधवा असते तरी हे ताट माझंच होतं.”

गुरुजी गडबडले. “असं होय? क्षमा करा, माझ्या लक्षात आलं नाही. आत्याचा मान आहे ना, मग बांधा की. काहीच अडचण नाही.”

काहीच अडचण नव्हती. शास्त्राची नव्हती, गुरुजींची नव्हती, व्याही तर खोलीतही नव्हते. मी हात पुढे केला. वहिनी मध्ये उभ्या राहिल्या. “आता नको. एकदा हातात दिलं ते दिलं. मुहूर्त टळेल.” आणि अण्णाने वातीवरची नजर न काढता म्हटलं, “जाऊ दे गं. लग्नघरात तमाशा नको.”

मावशीने मुंडावळ्या बांधल्या. गाठ सैल बसली, परत सोडून बांधल्या. पुतणी मान खाली घालून बसली होती. तिने हळूच “आत्या” म्हटलं, एकदाच. माझं तिच्यावर जीवापाड प्रेम आहे, आणि तिने त्या वेळी मान वर करायला हवी होती. दोन्ही खरं आहे. तिचं लग्न परत होणार नाही आणि ते मोती मला परत मिळणार नाहीत. याबद्दल मला कुणी समजावू नये, मी समजून घेणार नाही.

संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी मी माझी साडी गाडीत आणून ठेवली होती. बाहेर जाऊन ती आणली, बायकांच्या खोलीची कडी लावली, आणि बिस्किटी साडी अंगावरून उतरवली. तिची घडी केली, चांगली नीट, कापडाचा काय दोष, आणि वहिनींच्या बॅगेवर ठेवून दिली. आमसुली इरकल नेसले. काळा ब्लाऊज, बिनबाह्यांचा. कडं घातलं. लिपस्टिक एका फटक्यात नीट लागली, रागाचा तेवढा एक उपयोग असतो.

बाहेर मंगलाष्टका सुरू झाल्या होत्या. अंतरपाट धरलेला, सगळे उभे. मी मागच्या रांगेत गेले ती बसायला नाही. आजींचा हात धरला. “चला, पुढे उभ्या राहू.” आजी म्हणाल्या, “मला चालतंय का पुढे?” मी म्हटलं, “पाय आहेत ना.” आम्ही दोघी मधल्या वाटेने सगळ्यांच्या देखत पुढे गेलो, आणि नवरीच्या माणसांसाठी ठेवलेल्या पहिल्या रांगेत उभ्या राहिलो. लोकांनी बघितलं. खूप बघितलं. व्याही जोडप्याने बघितलं, व्याह्यांच्या बहिणीने चष्मा वर करून बघितलं. आणि तरीही नवरीकडे बघायला कुणाला वेळ कमी पडला नाही. अक्षता पडल्या, अंतरपाट निघाला, टाळ्या वाजल्या. आम्ही खुर्च्यांवर बसलो.

अण्णा घाम पुसत माझ्याकडे आला. वाकून, दात आवळून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “हे काय नेसून आलीस? वयाचा तरी विचार करायचास.”

मी वाकले नाही, आवाजही खाली आणला नाही.

“अण्णा, वयाचं राहू दे. माझा नवरा कधी वारला ते सांग. त्याचं तेरावं घालायचं राहिलंय.”

शेजारी आजींनी आधी पदर तोंडाला लावला, मग तो खाली सोडला, आणि त्या बिस्किटी साडीत, पहिल्या रांगेत, खो खो हसायला लागल्या.